परदेशी वाळवंटात मोटरसायकल: गाईडचे पैसे नेमके कशाचे?

दर जानेवारीत सौदी अरेबियात डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची गाड्यांची शर्यत, सुरू झाली की बाईकवाल्यांच्या फोनवर दोन गोष्टी येऊ लागतात. वाळूच्या टेकाडांवरून झेपावणाऱ्या मोटरसायकलींचे व्हिडिओ, आणि त्यांच्या मागोमाग 'तुम्हीही सहारात चला' अशी जाहिरात: मोरोक्को, आठवडाभर, गाडी आमची, गाईड आमचा, मुक्काम तंबूत. २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआनं डकारच्या रॅली-२ गटात (मोटरसायकलींच्या अव्वल गटाखालच्या गटात) पहिला क्रमांक मिळवला. आपल्यातलं कुणीतरी तिथे जिंकतं हे दिसल्यावर आपणही निदान त्या वाळूवर गाडी चालवून यावी असं वाटणं अगदी साहजिक आहे.

मग जाहिरातीतला आकडा दिसतो. तिकडे जाऊन गाडी भाड्यानं घेतली आणि फोनवर नकाशा लावला तर हाच प्रवास बराच स्वस्तात होईल, गाईडला कशाला पोसायचं, हा प्रश्न तिथेच पडतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं की हमरस्त्यावर अपघात झाला तर मदत काही मिनिटांत, फार तर तासाभरात पोचते. वाळवंटात ती पोचायला अर्धा दिवस लागू शकतो. तुमच्या पैशांतला मोठा भाग हे अंतर कमी करण्यासाठी असतो, आणि तुमच्यावर मदत मागायची वेळच येऊ नये यासाठी असतो. कोणती गाडी मिळते, चाकात हवा किती ठेवतात, सकाळी किती वाजता उठवतात, ही सगळी व्यवस्था त्यातूनच आली आहे.

### सहारा म्हणजे नुसती वाळू नाही

सहाराचा पसारा सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ पावणेतीन पट. त्यातला वाळूचा भाग साधारण पाव. बाकी सगळं दगड, खडी आणि कोरडी नदीपात्रं. टूरवर रोज कानावर पडणारे शब्द इथेच समजून घेऊ. 'एर्ग' म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश, 'हमादा' म्हणजे खडकाळ पठार, 'रेग' म्हणजे खडीचं सपाट मैदान, 'वादी' म्हणजे कोरडं नदीपात्र. गाड्या जाऊन जाऊन पडलेल्या कच्च्या वाटेला सगळे 'पिस्त' म्हणतात.

मोरोक्कोच्या टूर बहुतेक माराकेश किंवा वारझाझातकडून निघतात, अ‍ॅटलास पर्वत ओलांडतात आणि दोनपैकी एका एर्गला पोचतात. मर्झूगा गावाला लागून एर्ग शेब्बी आहे; तिथली सर्वांत उंच टेकाडं १५० मीटरच्या आसपास. दुसरा एर्ग शेगागा, म्हामिदच्या पलीकडे, त्याहून एकाकी. फोटो या दोन ठिकाणांचे छापतात, पण गाडीवरचे बरेचसे तास जातात हमादा आणि रेगवर. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण तिथला धोका वेगळा आहे. वाळूत माणूस सारखा पडतो, पण वेग कमी असला तर झटकून उठतो. खडीचं मैदान मात्र भुलवतं. समोर दहा किलोमीटर मोकळं दिसतं, वेग आपोआप वाढतो, आणि मधेच पावसाच्या पाण्यानं कापलेली हातभर खोल चर येते. ती जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

कोरड्या तळ्यांच्या भागात आणखी एक प्रकार भेटतो, त्याला 'फेश-फेश' म्हणतात. ही अतिशय बारीक धूळ. ती खड्डे आणि चाकोऱ्या काठोकाठ भरून टाकते, त्यामुळे वरून जमीन सपाट दिसते आणि चाक घातलं की आत काय आहे ते कळतं.

### चाक वाळूत रुततं कसं, आणि निघतं कसं

दापोली-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कुणाची तरी गाडी रुतलेली तुम्ही पाहिली असेल. (तिथे गाड्या घालूच नयेत, त्याच वाळूत कासवं अंडी घालतात.) ओल्या पट्ट्यावर गाडी धावते, आणि सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूत आली की बसते. ओल्या वाळूत कणांमधलं पाणी कणांना एकमेकांशी धरून ठेवतं, कोरड्या वाळूला धरणारं काही नसतं. वाळवंटात सगळा मामला कोरड्या वाळूचाच. पहाटेच्या गारव्यात ती किंचित घट्ट असते, दुपारी अगदी सैल होते.

अशा वाळूवर टिकायचं तर वजन पसरायला हवं. पिठाच्या डब्यात बोट टेकवलं तर आत जातं, तळहात ठेवला तर वर राहतो. म्हणून टायरमधली हवा कमी करतात. रस्त्यावर तीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो, वाळूत ती निम्म्यावर किंवा त्याखाली आणतात. टायर खाली पसरतो, लांबट होतो आणि वाळूवर राहतो. पण हवा कमी झाली की दगडावर रिम वाकण्याचा धोका वाढतो, आणि टायर रिमवर घसरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जाऊ शकतो. म्हणून बऱ्याच टूरच्या गाड्यांत ट्यूबऐवजी फोमची जाड रिंग भरलेली असते. तिला 'मूस' म्हणतात. ती पंक्चर होत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि नवख्या माणसाला सर्वांत जड जाते ती हीच. वाळूत हँडल डावी-उजवीकडे हलायला लागलं की हात आपोआप थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडतो. रस्त्यावर ते बरोबर असतं. वाळूत थ्रॉटल सोडला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, चाक खाली घुसतं आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. इथे उलट करायचं असतं: फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहायचं, वजन थोडं मागे घ्यायचं, हँडल सैल धरायचं, नजर लांब ठेवायची आणि थ्रॉटल हलकेच उघडत राहायचं. पुढचं चाक हलकं झालं की गाडी आपली सरळ होते. हे वाचून समजतं, पण भीती वाटत असताना करायला शरीर तयार व्हावं लागतं. म्हणूनच चांगल्या टूरमध्ये पहिल्या दिवशी गावाजवळच्या बुटक्या टेकाडांवर सराव घेतात. जे पहिल्याच दुपारी मोठ्या एर्गमध्ये नेतात त्यांच्याबद्दल मला शंका वाटते.

रुतल्यावरची रीतही ठरलेली आहे. मागचं चाक फिरवत बसलात तर ते स्वतःसाठी खड्डा खणत जातं, वर क्लच जळतो तो वेगळाच. इंजिन बंद करून उतरायचं. गाडी रुतलेली असते, त्यामुळे स्टँडशिवाय उभी राहते. मग ती आडवी पाडायची, चाकाखालचा खड्डा पायानं भरायचा, उचलायची, आणि शेजारी चालत, हलका क्लच सोडत उताराकडे काढायची. दिवसातून हे अनेकदा करावं लागतं. आता या गाड्या हलक्या का असतात ते लक्षात येईल.

### 'एवढी मोठी टूर आणि छोटी गाडी?'

जाहिरातीत मोठी अ‍ॅडव्हेंचर बाईक दिसते, आणि प्रत्यक्षात कंपनी साडेचारशे किंवा अडीचशे सीसीची सडपातळ एन्ड्युरो देते, म्हणून अनेकजण हिरमुसतात. एन्ड्युरो म्हणजे कच्च्या वाटेसाठीच बनवलेली उंच, हलकी मोटरसायकल. तिचं वजन ११० ते १२० किलो. आपली रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० साधारण १९६ किलोची, बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस २४९ किलोची. दुपारच्या उन्हात एकट्यानं काय उचलता येईल ते बघा, आणि पडल्यावर पायावर काय आलेलं चालेल त्याचाही विचार करा. मोठ्या गाड्यांच्या टूरही असतात, पण त्या शहाणपणानं पिस्तवरून जातात आणि एर्गच्या कडेनं निघतात.

### 'जीपीएस आहे ना, मग गाईड कशाला?'

जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो. समोरच्या टेकाडापलीकडे काय आहे ते सांगत नाही. वारा वाळूला एका बाजूनं १० ते १५ अंशांच्या सौम्य चढावर ढकलत नेतो आणि दुसऱ्या बाजूनं ती ओघळते. तो उतार ३४ अंशांच्या आसपास, उभा. दोन्हींच्या मधे धार तयार होते. चढाच्या बाजूनं येणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही, आणि वेग तर कमी करता येत नाही, केला तर रुततो. वाळूतले वाईट अपघात या धारेवर होतात. म्हणून गाईड आधी वर जातो, पलीकडे बघतो, धारेला समांतर उभा राहतो आणि हातानं खूण करतो. मग एकेकानं यायचं. आधीचा बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्यानं निघायचं नाही.

त्यात भर डोक्यावरच्या सूर्याची. भरदुपारी सावल्या जातात, त्यामुळे चढ, खळगा, धार सगळं एकाच रंगाचं दिसतं. पहाटे उठवून न्याहारी उरकायला लावण्याचं कारण हे आहे. अकरापर्यंत वाळूतलं काम संपवायचं, दुपार सावलीत काढायची.

ओळीचाही नियम असतो. पुढे गाईड, शेवटी दुसरा अनुभवी स्वार. वळणावर गाईडच्या मागचा माणूस थांबतो आणि शेवटचा स्वार येईपर्यंत हलत नाही. दोन गाड्यांत धूळ बसण्याइतकं अंतर ठेवतात. आणि प्रत्येकानं आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं: तो दिसेनासा झाला की थांबायचं. या एका नियमामुळे पडलेला माणूस दोन-चार मिनिटांत लक्षात येतो. एकट्यानं गेलेला माणूस संध्याकाळी हॉटेलवाल्याच्या लक्षात येतो.

मग पाण्याचा प्रश्न. सप्टेंबर २०२४ मध्ये मोरोक्कोच्या आग्नेय भागात असा पाऊस झाला की तागुनीत गावात २४ तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं. झागोरा आणि ताता यांच्यामधलं इरिकी तळं जवळजवळ ५० वर्षांनी भरलं. याच कोरड्या तळ्यावरून पिस्त जाते, आणि फोनवरच्या जुन्या नकाशावर ती जशीच्या तशी दिसते. वादीत तर तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असताना वरच्या डोंगरातल्या पावसाचं पाणी येतं. वादीत तंबू ठोकायचा नाही, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

शेवटी सीमा. एर्ग शेब्बीच्या पूर्वेला अल्जीरिया आहे, अगदी जवळ, आणि मोरोक्को-अल्जीरिया जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. खूप दक्षिणेला पश्चिम सहारात भूसुरुंगांचे पट्टे आहेत. वाळूत रेघ मारलेली नसते. चौकीवरच्या सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस सोबत असणं ही चैन म्हणता येणार नाही.

### घाम दिसत नाही, म्हणून फसगत होते

मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो, त्यामुळे पाणी प्यायची आठवण राहते. सहाराच्या कोरड्या हवेत तो फुटताक्षणी उडून जातो. अंग कोरडं, आणि शरीरातून मात्र तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी गेलेलं. गाडी उचलताना तर आणखी. म्हणून पाठीवर तीनेक लिटरची पाण्याची पिशवी आणि तोंडाजवळ नळी असते, आणि तहान लागायची वाट न बघता घोट घोट प्यायचं असतं. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जातं त्याचं काय? आपल्याकडची ओआरएसची पाकिटं सामानात टाकावीत. स्वस्त आहेत, हलकी आहेत, उपयोगी आहेत.

उष्माघाताची पहिली खूण बहुधा वागण्यात दिसते. माणूस चिडचिड करतो, साध्या जागी पडतो, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो. ते त्याचं त्याला कळत नाही. ते ओळखून 'आज तुझी गाडी मागून येणाऱ्या ट्रकवर' असं सांगणारा गाईड भेटला तर वाद घालू नका. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा स्वस्तात मिळणारी टूर का स्वस्त आहे ते उघड आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र कडाक्याच्या असतात, गरम कपडे हवेतच. तारखा रमजानात येतात का तेही बघून घ्या: गाईड रोज्यावर असला तर दिवसाची आखणी त्याच्या सोयीनं, लहान ठेवायला हवी.

### हाड मोडलं तर?

पैसे भरण्याआधी हा प्रश्न मोकळेपणानं विचारा: दुपारी दोन वाजता एर्गच्या मध्यावर माझा पाय मोडला, तर पुढे काय काय होतं?

२०२१ च्या डकारमध्ये बेंगळुरूच्या सी. एस. संतोष या मोटरसायकलस्वाराला भीषण अपघात झाला. रॅलीचे डॉक्टर पोचले, हेलिकॉप्टरनं त्याला रियाधच्या रुग्णालयात नेलं, औषधांनी कोमात ठेवलं, आणि तो वाचला. त्या वाळवंटात प्रत्येक गाडीवर ठिकाण कळवणारं यंत्र होतं आणि आकाशात हेलिकॉप्टरं होती. टूरमध्ये यातलं काही गृहीत धरता येत नाही. व्हिडिओ रॅलीचे असतात, बचावाची तयारी टूरची असते, आणि ही तफावत जाहिरातीत कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

साधारण असं घडतं: गाईड प्रथमोपचार करतो, उपग्रहावरून संदेश पाठवतो, मागची फोर-बाय-फोर गाडी शक्य तितकी जवळ येते. उंच टेकाडांत ती पोचत नाही, तिथून रुग्णाला उचलून न्यावं लागतं. मर्झूगाहून एर्राशिदिया हे मोठं शहर सुमारे १३० किलोमीटरवर आहे. जो आयोजक हे टप्पे न अडखळता सांगतो, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाला आहे ते सांगतो, एका गाईडमागे किती स्वार ठेवतो ते सांगतो, त्याला थोडे जास्त पैसे द्यावेत. 'असं कधी होत नाही' म्हणणाऱ्याला देऊ नयेत.

विम्याचंही तसंच. 'ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे' एवढ्यानं भागत नाही. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा: साहसी खेळ, कच्च्या वाटेवरची मोटरसायकल, ठरावीक सीसीवरची गाडी, यांपैकी काहीतरी तिथे बऱ्याचदा असतं. शोधमोहीम, हेलिकॉप्टर आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरला आहे का, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. भाड्याच्या गाडीचा विमा हा वेगळा कागद. तो बहुतेकदा समोरच्याच्या नुकसानीपुरता असतो, तुम्ही वाकवलेलं हँडल तुमच्या अनामत रकमेतून जातं.

### 'लडाख केलंय, हे काय अवघड?'

लडाखचा अनुभव कमी लेखायचं कारण नाही. उंची, थंडी, नाले, सगळं खरं आहे. पण तिथे खाली रस्ता असतो, मागून ट्रक येतो, पुढे लष्कराची छावणी असते. वाळूत रस्ता हा आधारच नाही, आणि तिथे लागणारं कसब रस्त्यावर मिळत नाही.

मग राजस्थान? माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. थर हे जगातलं सर्वांत दाट वस्तीचं वाळवंट मानतात, त्यामुळे गाव फार लांब नसतं, भाषा कळते, घरी फोन लागतो. सीमेलगतचा पट्टा आणि राष्ट्रीय मरुउद्यान सोडून, तिथल्या जाणकारासोबत चार दिवस वाळूत पडून-उठून बघा. आवडलं, अंगानं साथ दिली, तर सहारा कुठे जात नाही.

### 'ओसाड जागा, तिथे काय बिघडणार?'

गंमत अशी की वाळूच्या टेकाडावरचा चाकाचा माग काही दिवसांत वारा पुसतो, पण खडीच्या रेगवरचा माग माणसाच्या हयातीपेक्षा जास्त टिकतो. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ दरम्यान सैन्याच्या सरावात उमटलेले रणगाड्यांचे माग आजही दिसतात. वरचा खडीचा थर खालच्या मातीला धरून ठेवतो, तो एकदा फुटला की माती उडायला लागते. म्हणून मैदानात असलेल्या पिस्तवरूनच जायचं, आपली नवी वाट पाडायची नाही.

एर्फूद-जोर्फच्या भागात तर याहून नाजूक गोष्ट आहे. तिथे जमिनीवर मातीच्या उंचवट्यांच्या लांबच लांब रांगा दिसतात. त्या खत्तारांच्या विहिरी: डोंगराकडचं भूजल जमिनीखालून, केवळ उतारावर वाहवत शेतापर्यंत आणणारी जुनी व्यवस्था. मलिक अंबरनं सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेली नहर याच जातकुळीची. दुरून हे उंचवटे उडी मारायला बांधलेले वाटतात, आणि प्रत्येकाच्या मध्यभागी खोल विवर असतं. तिथे गाडी घालणं जिवावर बेतू शकतं, आणि कुणाच्या तरी पाण्याची नासाडी होते ती वेगळी.

भटक्या कुटुंबांच्या विहिरी, तंबू, शेळ्या-उंटांचे कळप जवळ आले की इंजिन संथ करायचं, वळसा घालायचा. गावातला गाईड असला तर हे तो करवूनच घेतो, कारण पुढच्या महिन्यात त्याला त्याच विहिरीवर थांबायचं असतं.

### कागद आणि सामान

पासपोर्ट-व्हिसाखेरीज इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. आरटीओ ते देतं, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलचा उल्लेख हवा. हेल्मेट आणि बूट स्वतःचे न्या. भाड्याचे बूट मापात बसतीलच असं नाही, आणि घोट्याचं नशीब बुटावर असतं.

ड्रोन घरी ठेवा. मोरोक्कोत परवानगीशिवाय ड्रोन आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात.

संदेश पाठवणारं उपग्रह-यंत्र तिथे आयोजकाकडचंच वापरा, हौसेनं विकत घेऊन परत आणू नका. भारतात सॅटेलाइट फोन आणि तसली यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणानं अडवलं होतं. ते यंत्र गळ्यात अडकवून सहारातून सुखरूप आलेल्या माणसाची अडचण मायदेशी सुरू होऊ शकते.